मनोरीची रात्र, दोन झुले आणि परकराची नाडी

दोन वर्षांपूर्वी गणपती उठले आणि चौथ्या दिवशी लेकाला ताप भरला. डेंग्यू निघाला. आठवडाभर रोज सकाळी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी प्लेटलेट्सचा आकडा कळेपर्यंत श्वास रोखून बसायचं, असं चाललं होतं. तो बरा झाला, पण माझं मन काही पूर्वीसारखं झालं नाही. अजूनही घरात डास गुणगुणला की पोटात गोळा येतो.

आणि यंदा बारावा वाढदिवस आल्यावर पठ्ठ्याने मागितलं काय, तर झाडाला टांगलेल्या झुल्यात एक रात्र! हॉटेल नको, तंबू नको, केक नसला तरी चालेल. मी महिनाभर टाळाटाळ केली. मग वाटलं, माझ्या भीतीपायी हा पोरगा किती दिवस खिडकीच्या जाळीआड राहणार? नोव्हेंबरातला दुसरा शनिवार ठरवला.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण तिथे आपला झुला टांगून रात्र काढता येत नाही, आणि बिबट्यांच्या जंगलात तसं कुणी करूही नये. म्हणून खाडीपलीकडचं मनोरी. मालाडहून बसने मार्वे, आणि मार्वेच्या जेट्टीवरून बोट. त्या बोटीत माणसांबरोबर मोटरसायकली चढतात, मासळीच्या रिकाम्या पाट्या चढतात, आणि पलीकडे उतरलं की आपण अजून मुंबई महानगरपालिकेच्याच हद्दीत आहोत यावर विश्वास बसत नाही. दोन्ही काठांना तिवरांची गर्दी, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, आणि नोव्हेंबरात बांबूंवर दोरी ताणून वाळत घातलेले बोंबील. त्याचा वास कुणाला नकोसा वाटतो, मला भूक लागते.

उतरलो ते एका कोळी मावशींच्या घरी. मागे मोठं आवार, आवारात माड आणि कडेला सुरूची रांग, रांगेपलीकडे वाळू. गेल्या गेल्या मी काय केलं असेल, तर विहिरीत डोकावले. शहरातल्या मलेरियाचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. 1911 साली मुंबईच्या मलेरियावर जो सरकारी अहवाल झाला, त्यात बोट विहिरींकडेच होतं. पुढे शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या त्या यापायी. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गप्पी मासे हायत त्यात. बघ नीट." खरंच होते, डासांच्या अळ्या खाणारे. बोटाच्या पेराएवढे, पाण्याच्या तोंडाशी फिरत होते. मला त्या बाईंबद्दल तिथेच माया वाटली.

झुला बांधायला लेक सरळ माडाकडे निघाला होता. मावशींनी हाताला धरून मागे ओढलं. "माडाखाली झोपायचं नाय. नारळ सांगून पडतो काय?" मग सुरूची दोन जाडजूड झाडं निवडली. बारीक दोरी झाडाची साल कापते, म्हणून मी रुंद पट्टे नेले होते. पट्टा जमिनीशी साधारण तीस अंशांत उतरावा आणि झुल्यात सरळ न झोपता तिरकं झोपावं, म्हणजे पाठ केळ्यासारखी वाकत नाही. एवढं मी आधी शिकून गेले होते. मच्छरदाणीचं मात्र काहीच शिकले नव्हते. दोन्ही झुल्यांना ती शिवलेलीच आली होती. "मच्छरदाणीसह" असं विकणाऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फोटोत एक बाई तिच्याआड हसत झोपलेली होती, आणि मी निर्धास्त झाले होते.

संध्याकाळ छान गेली. गोराईच्या बाजूला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस उन्हात चमकत होता, जेवायला भाकरी आणि तळलेले बोंबील होते. शेजारच्या बंगल्यात मात्र शनिवारची पार्टी होती. समुद्राचा आवाज ऐकायला इतक्या लांब यायचं आणि रात्री बारापर्यंत दुसऱ्याच्या स्पीकरचा धडधडाट सोसायचा, याचा मला मनापासून राग येतो. गावातली माणसं पहाटे होडीवर जातात. त्यांच्या झोपेचा विचार या लोकांना शिवतसुद्धा नाही.

लेक नऊलाच झुल्यात शिरला, चेन ओढली आणि बघता बघता झोपला. मी शेजारच्या झुल्यात जागीच होते. मच्छरदाणीला बाहेरून डास धडका देत होते, आत एकही नव्हता. आपण श्वास सोडतो त्या हवेचा माग काढत डास येतो आणि जवळ आल्यावर अंगाची ऊब त्याला जागा दाखवते. म्हणजे येणार सगळे तोंडाशीच, आणि तोंडापुढे जाळी आहे. मी अशी मनाची समजूत घालत होते, आणि माझ्या खांद्याला आणि कमरेला खाज सुटत होती.

रात्री पावणेदोनला लेक झोपेत कण्हला. मी उतरले. वरून बघितलं तर मच्छरदाणी बंद, चेन बंद, आत काही नाही. मग काय सुचलं कोण जाणे, वाळूत बसले, वाकले आणि झुल्याच्या खालून वर टॉर्च मारला.

पोराच्या वजनाने ते पॅराशूटचं पातळ कापड ढोलकीसारखं ताणलं होतं. त्यातून त्याच्या पाठीचा आकार दिसत होता, दोन खांदे, मधली खोलगट जागा, खाली कुल्ले, पोटऱ्या. आणि जिथे जिथे अंग कापडाला टेकलं होतं, नेमके तिथेच डास बसले होते. एक नाही, दोन नाही. एका खांद्याखाली मी अकरा मोजले. टॉर्च पडला तरी हलत नव्हते. काहींची पोटं फुगून लाल झाली होती आणि उजेड त्यातून आरपार येत होता. जिथे कापड अंगापासून सुटं होतं, तिथे एकही नव्हता.

हात उगारला आणि तसाच थांबवला. मारायचं कसं? मधे कापड, आणि कापडापलीकडे माझ्या लेकाची पाठ.

डासाला मच्छरदाणी ओलांडायची गरजच नव्हती. ती वरच्या अर्ध्या भागाला होती, खाली फक्त एक पदर कापड, आणि इतक्या पातळ, ताणलेल्या कापडातून त्याची सोंड सहज आत जाते. कपाळावर जाळी आणि पाठ उघडी! मला रडू आलं. विकणाऱ्याचा राग आला तो आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. ज्या पोराचे प्लेटलेट्स मी रोज मोजत होते, त्याला मीच इथे आणून टांगलं होतं.

आमच्या सोसायटीत पालिकेची आरोग्यसेविका टाक्या तपासायला येते, तिने एकदा दाखवलं होतं. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस बसताना शेपटीकडची बाजू उचलून तिरका बसतो, आणि गटाराच्या पाण्यातला क्यूलेक्स सपाट बसतो. हे सपाट बसले होते. डेंग्यूवाला एडिस तर मुख्यतः दिवसा चावतो. तरी रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात ओळखलेल्या डासावर कुठली आई विसंबेल?

माझा आवाज ऐकून मावशी पडवीत आल्या. "काय गो बाय, झोप नाय?" मी त्यांना ओढतच झुल्याखाली नेलं. त्यांनी वाकून बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत, घरात गेल्या. परत आल्या त्या दोन्ही हात भरून. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, त्यांच्या पलंगावरची सुती मच्छरदाणी, कपड्यांचे चिमटे आणि एक सुंभाचा दोर.

लेकाला अर्धवट झोपेतच खाली उतरवलं. त्याच्या पाठीवर गांधी उठल्या होत्या, रांगेने, दोन खांद्यांवर आणि कमरेवर. मावशींनी त्यावर खोबरेल चोळलं. मग गोधडी झुल्यात आडवी-तिरकी पसरली, दोन्ही कडा वर घेऊन. चार पदरी लुगडं आणि त्यात दाट टाके. त्यातून कुठल्या डासाची सोंड जाणार? नंतर दोन्ही सुरूंना झुल्याच्या वर हातभर उंचीवर तो दोर ताणून बांधला आणि त्यावरून सुती मच्छरदाणी दोन्ही बाजूंना सोडली. मला वाटलं, झालं. पण त्या खाली बसल्या, मच्छरदाणीचा सगळा घेर झुल्याच्या खाली ओढून घेतला आणि चिमट्यांनी एकत्र धरला. झुला आता सगळीकडून जाळीच्या पोटात होता, आणि खाली झुला आणि जाळी यांच्यात वीतभर मोकळी जागा होती.

"अंगाला जाळी लागली का तिकडनं बी चावतो," त्या म्हणाल्या. "जाळी अंगापासून दूर पायजे." तिरकं झोपल्यावर लेकाचं ढोपर बाजूने टेकत होतं, तिथे त्यांनी जाळीला बाहेरून चिमटा लावून ती ओढून घेतली. राहिली दोन टोकं, जिथून झुल्याचे पट्टे बाहेर येतात. तिथे मूठभर फट होती. मावशींनी इकडेतिकडे बघितलं, आत गेल्या आणि परकराची नाडी घेऊन आल्या. दाताने तोडून दोन तुकडे केले आणि दोन्ही टोकं जाळीसकट आवळून बांधली. जन्मभर जाळ्यांत हात घातलेल्या बाईची गाठ ती. मला सकाळी सोडवता सोडवेना.

मग त्यांनी नारळाच्या सोडणांचा धूर केला आणि माझ्या शेजारी पडवीत बसल्या. मी माझ्या झुल्यात परत गेलेच नाही. म्हटलं, मावशी, तुम्ही झोपा. तर म्हणाल्या, "मला चारला उठायचंच हाय." तासाभराने मी पुन्हा खाली टॉर्च मारला. डास होते, पण जाळीवर, वीतभर लांब, भिरभिरत. लेक पालथ्या हातावर गाल ठेवून गाढ झोपला होता.

सकाळी सहाला तो जाळी काढायला निघाला, तेव्हा मीच थांबवलं. एडिसची खरी वेळ उजाडल्यावरची आणि दिवस मावळायच्या आधीची. साडेआठपर्यंत तो आतच चहा-बटर खात बसला. रविवार पोहण्यात आणि परतीच्या बोटीच्या रांगेत गेला.

घरी आल्यावर ती शिवलेली मच्छरदाणी मी उसवून नीट बघितली. साध्या चांगल्या मच्छरदाणीत एका चौरस इंचाला 156 भोकं असतात. हिची मी पट्टी लावून मोजली, शंभरसुद्धा भरली नाहीत. खाडीकाठची चिलटं तर याहून दाट जाळीतूनही आत येतात. मावशींची सुती मच्छरदाणी घट्ट विणीची होती, म्हणून चिलटं थांबली. जाड कापडामुळे आत जरा कोंदट होतं, पण नोव्हेंबरात चालून जातं. झुल्याच्या कापडाला पर्मेथ्रिन हे डास मारायचं औषध मारतात असंही वाचलं, पण ते ओलं असताना मांजरांना विषारी असतं आणि आमच्या घरी मांजर आहे, म्हणून तो विचार सोडला. दुपदरी कापडाचे झुले मिळतात, मधे चटई सरकवता येते. तसे घ्यायला हवे होते. मी रंग बघून घेतले.

चौदा दिवस मी रोज रात्री त्याच्या कपाळाला हात लावला. तो कंटाळला, पण हात बाजूला केला नाही. ताप आला नाही.

परवा बॅग धुवायला काढली, तर तळाशी नाडीचे ते दोन तुकडे निघाले, गाठींसकट. मावशींना फोन केला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो, नाडीचं काय येवढं." पण नाताळच्या सुट्टीत लेकाला पुन्हा जायचंय. मी आजीची जुनी नऊवारी काढून ठेवली आहे आणि रोज दुपारी दोन ओळी टाके घालते. गोधडी तोवर पुरी व्हायला हवी.