फेंडर घरी, मॉडेलर पाठीवर: सांगलीतून आजवरची नोंद

गेल्या लग्नसराईपासून मी कार्यक्रमाला गिटारचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प नेणं बंद केलंय. बॅगेत एचएक्स स्टॉम्प, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पची आणि पेडलांची डिजिटल नक्कल करणारा छोटा मॉडेलर, त्याचा अ‍ॅडॉप्टर, व्हॉल्यूम पेडल आणि केबल. एवढ्यावर मिरज, तासगाव, विटा सगळं होतं. आधी सोबत असायचा फेंडरचा ६५ डिलक्स रिव्हर्ब, रीइश्यू (जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती): २२ वॅट, बारा इंची जेन्सन स्पीकर, वजन साधारण १९ किलो. त्याच्यापुढे पेडलं: ट्यूब स्क्रीमर (आवाज थोडा फोडणारा), कोरस, अ‍ॅनलॉग डिले (प्रतिध्वनी) आणि एक जर्मेनियम फझ (आवाज पार खरखरीत करणारा). तो आवाज मला आजही अतिशय प्रिय आहे, म्हणूनच हा बदल जपून आणि नीट ऐकत करते आहे.

वजन हे कारण होतंच, पण मुख्य कारण वीज. मंगल कार्यालयात लाइट, कूलर, डीजेचे रॅक आणि आपण, सगळे एकाच जनरेटरवर. डिलक्समध्ये रेक्टिफायरसुद्धा (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचाच, जीझेड ३४. बाहेरचं व्होल्टेज खाली आलं की ट्यूबच्या आतल्या प्लेटचं व्होल्टेज उतरतं, आणि ६व्ही६ या पॉवर ट्यूबांच्या जोडीचा आवाज लवकर फुटायला लागतो. घरी व्हॉल्यूम चारवर ठेवला की स्वच्छ वाजणारी कॉर्ड कार्यालयात तीनवरच करकरते. कधी ते छान लागतं, कधी हळदीच्या गाण्यात अगदी नको असतं. त्या दिवशी काय मिळेल ते जनरेटरवाल्याच्या हातात.

गावभागात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. माझ्या अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर त्यांनीच बदलले. मागचं झाकण काढल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "सिक्स व्ही सिक्स! अगं, हा आमच्या रेडिओतला गडी." मग म्हणाले, "याला स्थिर व्होल्टेज दे पोरी, बाकी तो तुझ्या नातवंडांनाही वाजेल." अ‍ॅम्प घरीच ठेवायचं तेव्हाच ठरलं. घरात स्थिर व्होल्टेज देता येतं, मांडवात नाही.

आता खऱ्या कामाची गोष्ट. मॉडेलर घेतल्यावर पहिले काही आठवडे बरेच जण वैतागतात: आवाज कागदी लागतो, वरची पट्टी खुपते, बोटांखाली काही जाणवत नाही. दोष बहुतेक वेळा मॉडेलचा नसतो. आपण आयुष्यभर जे ऐकत आलो ते अ‍ॅम्प खोलीत वाजताना. अ‍ॅम्प जमिनीवर, स्पीकरचं तोंड आपल्या पोटऱ्यांकडे, कान वर आणि बाजूला. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, आणि जो काही तीक्ष्ण भाग उरतो तो झोतासारखा सरळ समोर जातो. आपल्या कानापर्यंत तो पोचतच नाही. मॉडेलरमधून येतो तो माइक लावलेल्या अ‍ॅम्पचा आवाज, म्हणजे कोनपासून चार बोटांवर ठेवलेल्या एसएम ५७ माइकला जे ऐकू येतं ते. प्रेक्षकांनी आपल्याला नेहमी तसंच ऐकलंय. नवीन आहे ते आपल्यासाठी.

हे उमगल्यावर मी अ‍ॅम्पच्या नॉबांवरचा हात काढला आणि बराच काळ फक्त कॅबवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या नकलेवर, काम केलं. माझा अनुभव सांगते: सत्तर टक्के निकाल कॅब आणि माइक ठरवतात, अ‍ॅम्पचं मॉडेल नंतर. मॉडेलरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या (फर्मवेअर) ३.५० आवृत्तीपासून कॅबच्या ब्लॉकमध्ये माइक कोनच्या मधल्या टोपीपासून कडेकडे सरकवता येतो. मध्यावर तो चिरका वाटतो, टोपीच्या कडेला आला की भरतो, आणखी बाहेर नेला की दबतो. मी तो टोपीच्या कडेच्या जरा बाहेर ठेवते, आणि जोडीला आर १२१ रिबन माइकचं मॉडेल थोडं लांब. रिबन वरची धार आपोआप गोल करतो, त्यामुळे हाय कट (वरची पट्टी कापणारा फिल्टर) फार खाली आणावा लागत नाही.

आयआर, म्हणजे खऱ्या स्पीकर-माइकच्या आवाजाची नोंदलेली छाप, वापरणाऱ्यांसाठी एक तपशील. स्टॉम्पमध्ये २०४८ सॅम्पलपर्यंतचा आयआर चालतो. ४८ किलोहर्ट्झला ते साधारण ४३ मिलिसेकंद होतात. एवढ्यात स्पीकर, त्याची पेटी आणि माइक पूर्ण येतात. खोलीचा घुमारा येत नाही. तो हवा असेल तर वेगळा छोटा रूम रिव्हर्ब लावावा लागतो. मी तो फक्त हेडफोनसाठी लावते. सभागृहात सभागृह असतंच.

दुसरा मोठा धडा आवाजाच्या पातळीचा. कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही, आणि किती असमान ऐकतो ते पातळीप्रमाणे बदलतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख मांडले. हळू आवाजात खर्ज आणि वरची पट्टी दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून रात्री हेडफोनवर टोन लावताना आपण दोन्ही वाढवतो. तोच प्रीसेट (साठवलेली मांडणी) मांडवातल्या पातळीला गेला की खालून गडगड आणि वरून करकर. त्यामुळे कार्यक्रमाचे प्रीसेट मी घरी फक्त मांडते, पक्के करते ते मोठ्या आवाजातच. विश्रामबागेतला आमचा तालमीचा हॉल दुपारी मोकळा असतो. तिथे पॉवर्ड स्पीकर डोक्याच्या उंचीला ठेवून, ढोलकी आणि कीबोर्ड सोबत घेऊन. एकट्या गिटारवर देखणा वाटणारा टोन बँडमध्ये कुठे हरवतो ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

आमच्या बँडमध्ये ऑर्गन आणि हार्मोनियमचा पॅच बराच वाजतो. मधल्या पट्टीत गायिका, पेटी आणि गिटार तिघांची गर्दी होते. ट्यूब स्क्रीमरचा जोर ७२० हर्ट्झच्या आसपास असतो. रॉकमध्ये तोच जोर गिटारला वर काढतो, पण गायिकेची ओळ चालू असताना मी तो बंदच ठेवते आणि सोलोपुरता चढवते. सध्याचा प्रीसेट असा: पुढे स्क्रीम ८०८ (ट्यूब स्क्रीमरची नक्कल), ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल चढा, मग यूएस डिलक्स व्हिब (डिलक्सची नक्कल), ड्राइव्ह चारच्या थोडा वर, सॅग अर्धा पॉइंट वाढवलेला, मग कॅब, लो कट ९० हर्ट्झ, हाय कट ६.५ किलोहर्ट्झ, शेवटी डिले आणि प्लेट रिव्हर्ब. हे आकडे माझ्या सिंगल कॉइल पिकअपच्या (तारेचा कंप टिपणारा भाग) गिटारचे आहेत. हंबकर पिकअपवर ड्राइव्ह आणि खर्ज दोन्ही उतरवावे लागतील.

सॅगबद्दल मला विशेष लिहायचंय. जोरात छेडलं की पॉवर सप्लाय क्षणभर दबतो, स्वर मागे बसतो आणि मग फुलतो. बोटांना जी 'माया' जाणवते ती बरीचशी इथली. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली, आणि टोनबद्दलचं माझं ऐकणंच बदललं. घोडीचा माथा कानस आणि पॉलिश पेपरने इतका बारीक उताराचा करतात की तार तिला निसटती घासून वाजते, आणि एका स्वरातून वरचे स्वर उमलतात. मग तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. पॉवर ट्यूब फुटायच्या काठावर असते तेव्हा मी हेच शोधत असते: मूळ स्वर शाबूत, आणि वरचे स्वर छेडण्याच्या जोराप्रमाणे उघडणारे. मॉडेल चांगलं की वाईट ते मी आता असंच तपासते. एकच तार हळू, मग मध्यम, मग जोरात. तिन्ही वेळा वरच्या स्वरांचं पान वेगळं उघडलं तर मॉडेल जिवंत. डिलक्सचं मॉडेल इथे उत्तम उतरतं. काही हाय गेन (जास्त करकरीची) मॉडेल मात्र तिन्ही वेळा सारखीच बोलतात. ती मी वापरत नाही.

"डिजिटलमध्ये उशीर होतो" ही तक्रार नेहमी ऐकू येते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. मॉडेलरचा उशीर दोन-तीन मिलिसेकंदांचा. अ‍ॅम्पपासून मीटरभर लांब उभं राहिल्याइतका. मला तो बोटांत जाणवत नाही. जाणवते ती दुसरी उणीव: मागे हवा ढकलणारा स्पीकर नसला की तार परत थरथरत नाही, लांबवलेला स्वर फीडबॅकमध्ये वळत नाही. म्हणून इन-इअर (कानातले मॉनिटर) असले तरी एक वेज मॉनिटर (जमिनीवरचा तिरका स्पीकर) माझ्याकडे वळवून मागते. तासगावच्या साउंडवाल्या दादांनी विचारलं, "ताई, कानात दिलंय की, परत वेज कशाला?" सोलोचा शेवटचा स्वर त्यांनी ऐकला आणि पुढच्या कार्यक्रमाला न सांगता वेज तिथे ठेवला.

फझचं प्रकरण अजून चालू आहे. जर्मेनियम फझला थेट गिटारचा पिकअप लागतो. मध्ये बफर (सिग्नल वेगळा करणारं सर्किट) आला की तो कर्कश होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवून जी स्वच्छ चकाकी मिळते ती जाते. स्टॉम्पमध्ये इनपुट इम्पिडन्स (पिकअपला जाणवणारा रोध) बदलता येतो. फझचा ब्लॉक पहिला ठेवून तो खाली आणला की वागणूक बरीच जवळ येते. पण माझा खरा फझ गिटार आणि स्टॉम्प यांच्या मध्ये ठेवला तर अजूनही तोच जिंकतो. त्याची अडचण उन्हाळा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा लीकेज (गळणारा करंट) उष्णतेने वाढतो आणि बायस (कामाचं ठरलेलं व्होल्टेज) सरकतो. मे महिन्यात उघड्या स्टेजवर चाळिशीच्या पाऱ्यात तो घोगरा होऊन तुटायला लागतो. हिवाळ्यात खरा, उन्हाळ्यात मॉडेल, असं सध्या ठेवलंय.

कोरस आणि अ‍ॅनलॉग डिले मिरजेतल्या एका होतकरू मुलाला दिले. ट्यूब स्क्रीमर ठेवला, डिलक्सपुढे घरी वाजवायला. सिंगल कॉइलची घरघर मॉडेलरने जात नाही हेही लिहून ठेवते: लाइटच्या डिमरजवळ ती येणारच. नॉइज गेट स्वरांच्या मधली घरघर झाकतो, स्वराखालची नाही. जागा बदलून, गिटार थोडी फिरवून उभं राहणं जास्त उपयोगी पडतं. डीआय बॉक्सवरचं (मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्ट (सिग्नलची अर्थ-जोडणी तोडणारं बटण) मात्र दर ठिकाणी तपासा, अर्थिंगची घूं तिथेच सुटते.

आता डिलक्स आणि त्याचं मॉडेल समोरासमोर ठेवायचं काम घेतलंय. कोरा सिग्नल यूएसबीवरून रेकॉर्ड करून तोच दोन्हींतून वाजवायचा, म्हणजे हाताचा फरक उरत नाही. दोन्हींची पातळी मीटरवर जुळवणं अत्यावश्यक, कारण जे किंचित मोठं तेच कानाला चांगलं वाटतं. डिलक्ससमोर खरा ५७, मॉडेलमध्येही ५७, त्याच जागी. व्हॉल्यूम तीन, पाच आणि सात अशा तीन ठिकाणी घेणार आहे. कुणाकडे सांगली-मिरजेत रिबन माइक असेल तर एका दुपारपुरता हवा आहे.