पांढऱ्या मातीच्या भिंतीतला एसी

फोन आला तेव्हा मी हिंगणघाटात एका दुकानाच्या गच्चीवर आउटडोर, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, धूत होतो. "भाऊ, एसी थंडाच नाही करून रायला. दोन मिस्त्री येऊन गेले, दोघायनं गॅस भरला. आता तुम्हीच पाहा." मी काही न पाहता म्हणून टाकलं, "लीकेज असन काका. उद्या येतो." दुसऱ्या दिवशी निघताना गॅसचं सिलिंडर गाडीच्या मागं करकचून बांधलं. बारा वर्षं हेच काम करतो, आणि फोनवर मीही तेच बोललो जे आधीचे दोघे बोलून पैसे घेऊन गेले होते.

तारीख पक्की आठवते, ३१ मे २०२४. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, चालू होता. समुद्रपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वखरलेली काळी वावरं, झाडाखाली माणूस नाही की जनावर नाही. गावात पोहोचलो तर घरमालकानं पाण्याचा गडवा द्यायच्या आधी मोबाईल पुढं केला. "पाहा, काल नागपुरात छप्पन होतं!" आदल्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं खरंच ५६ अंश दाखवले होते आणि ती बातमी घरोघरी फिरत होती. पुढं हवामान खात्यानं सेन्सरच बिघडला होता असं सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक मे २०१३ मधला, ४७.९. पण त्या दिवशी माझ्या पाठीला विचारलं असतं तर तिनंही छप्पनच सांगितलं असतं.

घर दोन भागांत. पुढं घरकुलातली विटांची खोली, वर टिन. ती जमिनीपासून टिनापर्यंत कापसानं भरलेली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,०२०, व्यापारी त्याहून खाली मागत होता, म्हणून काकांनी माल घरातच दाबून ठेवलेला. मागं जुनं घर: पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, लाकडाचं पाटन, वर कवेलू. त्या मागच्या खोलीत काकांची लेक बाळंतपणाला आलेली. बाळ बारा दिवसांचं. तिच्यासाठीच हा दीड टनाचा एसी हप्त्यावर घेतला होता. मला खरं विचाराल तर त्या गावात एसीवाचून निभावून नेईल अशी तीच एक खोली होती. पण लेकीच्या बाळंतपणात बापाला असं काही सांगू नये.

आत पाय ठेवल्याबरोबर एक वास आला. मृगाची पहिली सर पडल्यावर येतो तसा, ओल्या मातीचा. मे महिन्यात! मला वाटलं, सारवलं असेल. त्या वासाकडं लक्ष दिलं असतं तर पुढचा अर्धा तास वाचला असता.

भिंतीवर एसी चालू, रिमोटवर १६. आणि खिडकीत कूलर, तोही चालू, फुल स्पीडवर. "दोन्ही काहून चालू काकू?"

"एकट्या एसीनं भागत नाही ना बाप्पा. कूलर बंद केला का लेकरू रडते."

बाजेखाली शेगडी होती. सकाळच्या शेकाचे निखारे राखेखाली अजून जिवंत, खोलीत ओव्याचा धूर. वर एसी, बाजूला कूलर, खाली विस्तव. मी हसू दाबलं आणि आउटडोर कुठं आहे ते विचारलं.

आउटडोर कोठ्यात होता. आमच्याकडं गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. दोन खुंटांवर फळ्या टाकून त्यावर तो बसवलेला. मागं मातीची भिंत, वर टिन, आणि पंख्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग. मागची जाळी कुटारानं अशी भरलेली की गोधडी शिवल्यासारखी. खाली म्हैस. तिच्या मुताच्या वाफेनं तांब्याच्या नळ्यांना हिरवट कळा आलेली. थर्मामीटर जाळीपाशी धरला तर ५७. बाहेर अंगणात ४४. एसीवर लिहिलेली दीड टन ही गार करायची ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. इथं तो आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेत होता. सहा-सात मिनिटं कॉम्प्रेसर चाले, प्रेशर चढलं की बसे. गॅस कमी नव्हताच, दोनदा भरल्यानं उलट जास्त झाला होता. दाब मोजायचा गेज लावला तर काटा जिथं कधी जाऊ नये तिथं जाऊन थांबलेला. दोन्ही मिस्त्रींनी कोठ्यात पाय ठेवला असेल, पण म्हशीपलीकडं कोणी गेलं नसावं.

"हे इथं कोनं बसवाले सांगितलं?"

काका जरा खाकरले. "मीच. बाहेर ठेवलं का चोर नेते. मागल्या साली वावरातल्या मोटरीचा केबल कापून नेला. आन् माकडं काय कमी हाय? बसवाले आले ते पोट्टे म्हणाले, चालते."

'चालते' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द. त्या पोरांवर मला राग आला, पण पुरता नाही आला. मे महिन्यात दुकानदार एका जोडीकडून दिवसाला सात-आठ एसी बसवून घेतो, पैसे नगावर. खेड्यात दोन तास गेले की पोरांची मजुरी बुडते. अशा वेळी गिऱ्हाईक स्वतःच चुकीची जागा दाखवत असेल तर 'नाही' म्हणायला जो वेळ लागतो, तो कोणाकडंच नसतो.

मी म्हटलं, आउटडोर तर हलवावाच लागेल, तोवर आतली जाळी पाहून घेऊ. लेकीला बाळासकट बाहेर ओसरीवर बसायला सांगितलं. ते मी कोणती अक्कल लावून सांगितलं नव्हतं. धूळ पडेल म्हणून सांगितलं. स्टुलावर चढलो, समोरचं झाकण उचलायला खालून बोटं घातली, आणि झाकणाऐवजी सगळा एसीच माझ्याकडं आला.

आवाज झाला नाही. स्क्रू उपटतानाचा कर्रर्र नाही, काही नाही. चिखलातून पाय काढावा तसा मागचा पत्रा भिंतीतून सुटला. दहा-बारा किलोचं धूड छातीवर आणि एका खांद्यावर आलं, आणि त्याचे तांब्याचे पाइप भिंतीत अडकलेले. मी खाली उतरलो असतो तर पाइप पिळून तुटला असता. त्यात आर-३२ गॅस. हा सहजासहजी पेटत नाही, पण पेटतो. आणि निखाऱ्यावर गेला तर त्याचा विषारी वायू होतो. निखारे बाजेखाली. बाज माझ्या पायाशी.

"शेगडी काढा! आधी शेगडी!" मी ओरडलो. काकू थिजून उभ्या. घरातली आजी मात्र वाकली, पदरानं शेगडी धरली आणि चालती झाली. पंचाहत्तरीची बाई. मग माझ्या पोऱ्याला सांगितलं, मेन बंद कर, आणि कोठ्यात जाऊन दोन्ही वॉल्व अ‍ॅलन कीनं आवळ, म्हणजे निदान आउटडोरमधला गॅस तिकडंच अडकेल. पोऱ्या धावला आणि कोठ्यातून त्याचा आवाज आला, "भाऊ, म्हैस सरकून नाही रायली!"

काकांनी काय केलं असेल? पुढच्या खोलीतून कापसाचा बोचका ओढत आणला, बाजेवर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या कोपरापर्यंत कापसाची थप्पी आली तेव्हा मी एसी हळूच त्यावर टेकवला. भावासाठी दाबून ठेवलेला कापूस असा कामी आला. माझे हात पुढं पाच मिनिटं थरथरत होते. पोऱ्यानं कशीतरी म्हैस ढकलून वॉल्व बंद केले होते.

मग भिंत पाहिली. पत्र्यामागची माती काळपट ओली, बोट लावलं की आत जाई. भोकात हात घातला तर मनगटापर्यंत चिखल. ज्या लाकडी गुल्ल्यांत स्क्रू पिळले होते त्या हातानं उपटून आल्या, भिजलेल्या दातणासारख्या.

आता सगळं जुळलं. त्या पोरांनी भोक मशीननं पाडलंच नव्हतं. मातीची भिंत म्हणून सब्बल (पहार) घेतली, एकानं आतून मारली, दुसऱ्यानं बाहेरून. दोन्ही भोकं मधोमध भेटली, पण वरखाली. खरं तर भोक बाहेरच्या बाजूला बोटभर उतरतं हवं, आणि पाइपांच्या जुडीत पाण्याची नळी सगळ्यात खाली हवी. इथं नळी वर बांधलेली, भिंतीच्या पोटात तिला झोळ आलेला, आणि नेमका त्याच झोळात टेपनं गुंडाळलेला जोड. तो निसटला. पाणी बाहेर जायचं ते भिंतीत जिरू लागलं.

पण पाणी आलं कुठून? हा प्रश्न मला स्वतःलाच पडला. आमच्या मे महिन्याच्या हवेत ओल कुठं असते? हातरुमाल वाळत टाकला तर पिन लावेपर्यंत वाळतो. कोरड्या हवेत एसीच्या नळीतून थेंब थेंबच येतो. मी कूलरकडं पाहिलं. काकूंना विचारलं, टाकी किती वेळा भरता? "दिवसातून तीन डाव."

कूलर हवा ओली करूनच गार करतो, तेच त्याचं काम. एसी तीच ओल हवेतून पिळून काढतो, मग गारव्यासाठी त्याच्यात जीव उरत नाही. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. म्हणजे काकू विहिरीचं पाणी आणून कूलरमध्ये ओतत होत्या, कूलर ते खोलीत उडवत होता, आणि एसी ते गोळा करून भिंतीला पाजत होता. जवळजवळ तीन आठवडे, रात्रंदिवस. आउटडोर कोठ्यात म्हणून एसी गार करेना. एसी गार करेना म्हणून कूलर. कूलर म्हणून पाणी. पाणी म्हणून भिंत. एवढ्यात कोणी गॅस भरला नसता तर फक्त दोघा मिस्त्रींना दिलेले पैसे वाचले असते, भिंत तरीही भिजलीच असती.

लेक ओसरीवरून सगळं ऐकत होती. ती पहिल्यांदा बोलली. "मी तं आईले रोज सांगत होती, रात्री भिंतीतून टपटप ऐकू येते म्हणून. कोनी आयकलंच नाही. म्हणे बाळंतिणीले असं भास होते."

कोणीच काही बोललं नाही. आजीनं फक्त बाळाला मांडीवर घेतलं.

काकांना वाटत होतं मी एसी आजच पुन्हा टांगून देईन. नाही म्हटलं. पाइप कापून तोंडं बंद केली, बाज समोरच्या कोरड्या भिंतीला सरकवून घेतली, आणि कूलर एकटा चालवा पण समोरचं दार उघडं ठेवा, हवा बाहेर जाऊ द्या, एवढं बजावलं. संध्याकाळी काकूंचा फोन: लेकरू झोपलं. कूलर नीट लावला तर मे महिन्यात तो पुरतो, हे विदर्भात एसीवाल्यानं सांगावं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. पण मी सांगतो.

दहा दिवसांनी गेलो तेव्हा मृग लागून गेला होता. हवा चिकट, कूलर निकामी, आता एसीची खरी गरज. भिंत वाळली होती, तरी तिच्यावर वजन टाकायला माझं मन होईना. गावच्या वेल्डरकडून अँगलचा उभा स्टँड करून घेतला, थेट जमिनीवर उभा, भिंतीला नुसता टेकलेला. आउटडोर काढला बाहेर, विटांच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला, माणसाच्या डोक्यावर, लोखंडी पिंजऱ्यात. चोर आणि माकडं दोघांची सोय. तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थची पिन रिकामी होती, नुसती शोभेला. ओल्या भिंतीशेजारी तेही राहिलं असतं तर काय झालं असतं ते मी काकांना सांगितलं नाही. न्हाणीमागं खड्डा करून अर्थिंग घातलं. नवे पाइप, त्यांतली हवा ओढून काढायला अर्धा तास व्हॅक्यूम, गॅस काट्यावर तोलून, पाटीवर लिहिला तेवढाच. अर्धे पैसे मिळाले. अर्धे कापूस गेल्यावर.

भोक बुजवायचं काम आजीनं कोणाला करू दिलं नाही. पांढरी माती भिजवली, त्यात कुटार कालवलं. ते मी आउटडोरच्या जाळीतून ब्रशनं काढून टोपल्यात टाकलेलं होतं, तेच. "बाहेरून खाली पाहिजे ना रे, भोक?" तिनं विचारलं. मी नळीला उतार देऊन दाखवला. तिनं भोवती माती थापली, तळहातानं गुळगुळीत केली.

मग मी तिला बाहेर नळीच्या तोंडाशी उभं केलं आणि आत एसीच्या पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतलं. पहिल्या दिवशी त्या पोरांनी एवढं एक केलं असतं तर. जरा वेळ शांतता. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "आली रे, धार आली!"

मी झाकण बसवायला घेतलं तेवढ्यात पुन्हा हाक आली.

"बाबू, आणखी एक तांब्या ओत बरं. मी नीट पाह्यलं नाही."