बुरशीचा दोष रंगाला कशाला?

भिंतीवर बुरशी दिसली की आपण रंगाला बोल लावतो. माझ्या मते आधी हवेतील बाष्पाचा हिशेब मांडायला हवा. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे 9 अंश असतो. कपाटामागचा कोपरा त्याहून थंड झाला की तेथे पाणी सुटते, आणि बुरशीला तर पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ 80 टक्क्यांच्या आसपास राहिली तरी पुरते. भिंतीच्या आत मात्र बाष्प बहुधा फटींतून वाहणाऱ्या हवेबरोबरच शिरते, म्हणून आधी फटी बुजवाव्यात आणि मगच उष्णतारोधक थर द्यावा. त्यानंतर न्हाणीघरातील दमट हवा थेट घराबाहेर फेकणारा पंखा अनिवार्य ठरतो (त्याची नळी माळ्यावरच सोडून देणारे महाभाग कमी नाहीत!).