टेनरचा पहिला अल्बम अन् कापसाची खोली

आज भजनी मंडळाच्या पोरांसोबत एका नव्या टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा, पहिला अल्बम ऐकला. सगळ्या गाजलेल्याच आरिया, म्हणजे ऑपेरातली (युरोपातल्या संगीत नाटकातली) एकट्याने गायची गाणी. टिनाच्या शेडात लावू नका, भाऊ. व्यंजनं घुमून एकमेकांत मिसळतात. कापूस भरलेल्या खोलीत आवाज कोरडा, स्वच्छ येतो. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ठेवा, नाही तर खर्ज फुगतो.

स्पीकरचा आवाज 'ऊना फुर्तिवा लाग्रिमा' या आरियावर (संगीतकार दोनिझेत्ती, 1832) बेतू नका. ती मंद बासूनवर (खालच्या सुरांचं फुंकून वाजवायचं वाद्य) सुरू होते. तिथे बटण वाढवलं की पुढच्या आरियाच्या टोकाला स्पीकर फाटलाच. सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा आधी लावून आवाज ठरवा, मग पहिल्यापासून ऐका.

'के जेलिदा मानिना'त (पुच्चिनी, 1896) खरी परीक्षा. वरचा सूर पेटीवर धरून पाहा: पांढरी एकला (C) जुळला तर मूळ पट्टी, पांढरी सातला (B) जुळला तर अर्धा सूर उतरवलेली. उतरवणं गुन्हा नाही, मोठमोठे टेनर उतरवत आले आहेत. पण उतरवूनही सूर ओढूनताणून लागत असेल तर गाणं निवडतानाच चुकलं.

'नेस्सुन दोर्मा'च्या शेवटी 'विन्चेरो'तला वरचा सूर पुच्चिनीने अगदी आखूड लिहिलाय, लांबवणं ही गायकांची सवय. आमच्याकडे टाळ्या तिथेच पडल्या, बाप्पा! मूळ ऑपेरात संगीत न थांबता पुढे जातं. अल्बमसाठी शेवट वेगळा जोडावा लागतो. या टेनरने तो सूर बेताने धरला, ते आवडलं. सलग सगळ्या आरिया मात्र ऐकू नका, तीन पुरे.