पॅनेलपासून रायटरपर्यंत पाकळीचा ल

माझ्या लिनक्सवरच्या ‘ल’चा गुंता सुटला! फाइल मॅनेजर, फायरफॉक्स, लिबरऑफिसचा रायटर, सगळीकडे ल आणि श आता मराठी वळणाचे दिसतायत. मागच्या नोंदीत डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट टाकला होता. वॉलपेपरला आपल्या अंबाजोगाईचा हत्तीखाना (लेणी), पॅनेल खाली, आयकॉन एकदम नीटस, आणि डेस्कटॉपवरच्या ‘शाळा लातूर’ फोल्डरच्या नावात दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. बाकी सगळं मनासारखं जमल्यावर नजर नेमकी तिथंच जायची.

मशीन तेच आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 240 जीबीची एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट 22, एक्सएफसीई डेस्कटॉपसह.

हा हट्ट कशासाठी, तेही सांगतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. ती फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घेते. शासनाच्या 2022 च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं आहेत. आणि घरच्या संगणकावर सरावाची पानं करायला बसली की समोर दुसराच ल. “अहो, पोरं हाच ल गिरवतील की,” असं ती म्हणाली आणि मला ते पटलं. नुकतं अक्षर धरणाऱ्या पोरासमोर एकच वळण असायला पाहिजे.

आता मूळ गुंता. युनिकोडमध्ये ल एकच आहे, 0932. मराठीचा वेगळा नाही, हिंदीचा वेगळा नाही. वळण फॉन्टच्या आत ठरतं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही चित्रं असतात आणि ओपनटाइपच्या ‘लोकल’ फीचरमधून भाषेप्रमाणे एक निवडलं जातं. म्हणून पहिली शंका फॉन्टवरच होती. एफसी-मॅच या कमांडला मराठीसाठी कोणता फॉन्ट ते विचारलं, तर नोटो सान्स देवनागरी हे उत्तर आलं. फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्यालाच पहिला नंबर दिला, कॅशे नव्याने केली, लॉगआउट करून परत आत आलो. ल तसाच.

इथून पुढं एचबी-व्ह्यूनं वाट दाखवली. लिबहार्फबझ-बिन पॅकेजमध्ये हे छोटं टूल येतं, आणि देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर ते असावं असं माझं ठाम मत आहे. त्याला फॉन्टची फाइल, एक शब्द आणि भाषा सांगायची, तो चित्र काढून दाखवतो. मी ‘शाल’ हा शब्द दिला, दोन्ही अक्षरं एकदम तपासली जातात. भाषा मराठी सांगितली की पाकळी आणि देठ. हिंदी सांगितली की हिंदी वळण. फॉन्ट तोच. म्हणजे फॉन्टमध्ये सगळं होतं, प्रोग्रामच त्याच्याकडे हिंदी मागत होता.

का मागत होता? माझं सेशन इंग्रजीत आहे. जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर बनलेल्या प्रोग्राममध्ये मजकूर मांडायचं काम पँगो नावाचा भाग करतो. सेशनची भाषा इंग्रजी आणि समोर देवनागरी अक्षरं, म्हणजे इंग्रजी तर ही असू शकत नाही. मग तो त्या लिपीची नमुना भाषा धरतो, आणि देवनागरीसाठी ती हिंदी आहे. फॉन्ट निवडतानाही तो हिंदी म्हणूनच विचारतो, त्यामुळं माझ्या एक्सएमएलमधल्या मराठीच्या नियमाला कुणी हातच लावत नव्हतं.

उपाय पँगोमध्येच आहे. पँगो-लँग्वेज नावाच्या व्हेरिएबलमध्ये आपल्या भाषांची यादी देता येते, मध्ये कोलन टाकून. ‘ईएन’ (इंग्रजी) आणि ‘एमआर’ (मराठी) असं दिलं की देवनागरी दिसल्यावर तो यादीतली ती लिपी लिहिणारी पहिली भाषा घेतो. होम फोल्डरमधल्या डॉट प्रोफाइलमध्ये एक ओळ टाकली, लॉगआउट, लॉगइन. थुनार या फाइल मॅनेजरमध्ये ‘शाळा लातूर’ उघडलं आणि बायकोला हाक मारली. मेनू इंग्रजीतच राहिले, मजकूर मराठी वळणाचा झाला.

मागच्या नोंदीखाली एकानं सुचवलं होतं की फक्त मराठी वळण असलेला फॉन्ट टाकून मोकळं व्हा. त्यानं काम होतं हे खरं. पण बायकोला पाचवीच्या हिंदीच्या प्रश्नपत्रिकाही कराव्या लागतात, आणि त्या हिंदी वळणातच हव्यात. भाषेप्रमाणे वळण बदलणं हाच खरा इलाज.

फायरफॉक्सचा मामला वेगळा. तो पँगोचं ऐकत नाही, पानाच्या एचटीएमएलमध्ये जी भाषा लिहिलीय तिच्याकडं बघतो. मराठी मजकुराच्या कितीतरी पानांवर तिथं इंग्रजी लिहिलेलं असतं किंवा काहीच नसतं. तिथं आपले मांडणीचे नियम पानांवर लादणारी यूजरकंटेंट सीएसएस फाइल कामाला आली. फायरफॉक्स 69 पासून ती आपोआप वाचली जात नाही. अबाउट-कॉन्फिगमध्ये ‘लेगसी यूजर प्रोफाइल कस्टमायझेशन्स’वालं स्टाइलशीटचं बटण चालू करावं लागतं. प्रोफाइल फोल्डर शोधत बसू नका, अबाउट-सपोर्टच्या पानावरून थेट उघडतं. त्यात ‘क्रोम’ नावाचं फोल्डर करून फाइल तिथं ठेवायची. नियम एकच, फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड, किंमत ‘एमएआर’, तीन अक्षरं, कॅपिटलमध्ये. हा ओपनटाइपचा टॅग आहे, नेहमीचा ‘एमआर’ इथं चालत नाही.

नियम आधी फक्त रूटला, म्हणजे पानाच्या मूळ घटकाला, लावला होता. बातम्यांचा मजकूर सुधारला, पण शोधायच्या चौकटीत, बटणांवर आणि काही मथळ्यांत जुनाच ल. कारण सापडलं तेव्हा फार बरं वाटलं. सीएसएसमध्ये कुणी फॉन्टचं सगळं एका ओळीत सांगणारा ‘फॉन्ट’ हा शॉर्टहँड वापरला की भाषेचा ओव्हरराइड तिथं पुन्हा नॉर्मलवर जातो. म्हणून नियम स्टार सिलेक्टरला, म्हणजे पानावरच्या प्रत्येक घटकाला, लावला, शेवटी इम्पॉर्टंट, आणि हिंदी व नेपाळी भाषा सांगितलेले भाग ‘नॉट’ घालून वगळले. ज्या साइट स्वतःचा वेबफॉन्ट पाठवतात आणि त्यात मराठी रूपच नसतं, तिथं हा नियम काही करू शकत नाही.

रायटरमध्ये ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) भाषा हिंदी होती, ती मराठी केली. जुन्या फाइलींमध्ये मात्र भाषा फाइलीतच साठवलेली असते. तिथं डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये भाषा बदलली की बाकीच्या स्टाइल मागोमाग येतात. हिंदीच्या प्रश्नपत्रिकेची वेगळी टेम्प्लेट केली. आणि झेरॉक्सच्या दुकानात फाइल नेताना पीडीएफच न्या. त्यात अक्षराचं चित्र आत बसलेलं असतं, दुकानातल्या संगणकावर वळण बदलत नाही.

इथपर्यंत लिहून झालं आणि व्हीएलसी हा प्लेअर उघडला. प्लेलिस्टमध्ये ‘लावणी’चं फोल्डर, आणि ल हिंदी! व्हीएलसी क्यूटी या जीटीकेसारख्याच दुसऱ्या लायब्ररीवर चालतं, पँगोशी त्याचा संबंध नाही. क्यूटी अक्षरांना आकार देणाऱ्या हार्फबझची डिफॉल्ट भाषा घेतं, आणि ती येते लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमधल्या, एलसी-सीटाइप व्हेरिएबलमधून. मग लक्षात आलं, पँगोसुद्धा चालू भाषा एलसी-सीटाइपवरूनच ठरवतो. म्हणजे तेवढं एकच मराठी केलं तर दोघांचंही काम व्हायला पाहिजे.

करून आलो. मराठी लोकेल आधी लोकेल-जेननं तयार करून घेतलं, डॉट प्रोफाइलमधली पँगोची ओळ काढली, तिथं एलसी-सीटाइप ‘एमआर-आयएन’ केलं, बाकीची भाषा ठरवणारं लँग इंग्रजीच. थुनारही बरोबर, व्हीएलसीही बरोबर, मेनू इंग्रजीत. वर लिहिलेला पँगोचा उपाय तसाच ठेवतोय, कारण फक्त जीटीकेचे प्रोग्राम वापरणाऱ्याला तो पुरतो. पण माझ्या मशीनवर आता एलसी-सीटाइपच राहणार. एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हे व्हेरिएबल सोबत तिकडं जातं, आणि तिथं मराठी लोकेल नसेल तर बॅश इशारा दाखवतो. काम अडत नाही.

त्याच झपाट्यात तारीख-वेळेची भाषा ठरवणारं एलसी-टाइमही मराठी केलं. पॅनेलच्या घड्याळात आता वार आणि महिना मराठीत येतो. एवढीशी गोष्ट, पण येता-जाता बघत राहावंसं वाटतं.

बाकी किरकोळ. सिस्टमडी-अ‍ॅनलाइझच्या ‘ब्लेम’ यादीत (बूट होताना कोण किती वेळ घेतं ती यादी) नेटवर्क जोडेपर्यंत थांबणारं नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन सगळ्यात वर बसलं होतं. घरच्या संगणकाला त्याची गरज नाही, बंद केलं, बूट झटकन होतो. मशीनला ब्लूटूथच नाही, म्हणून ब्लूमॅन सुरुवातीच्या यादीतून काढलं. सुपर आणि बाणाच्या कळांवर खिडक्या अर्ध्या-अर्ध्या लावून घेतल्या. डावीकडं जुनी प्रश्नपत्रिका, उजवीकडं नवी, बायकोला ही सोय सगळ्यात जास्त आवडली. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांसाठी एक: ‘दऱ्याखोऱ्या’तला र शिफ्ट-जे, मग डी (हलंत), मग य. शिकवायला सोपं आहे, फोनेटिकपेक्षा इन्स्क्रिप्टच धरा.

यूपीएसचं दुखणं चालूच आहे. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी उतरली की मशीन आपोआप बंद व्हावं अशी योजना होती. दुकानदार “सॉफ्टवेअर चालतंय की” म्हणाला, आणि खोक्यातून निघालेल्या यूपीएसला यूएसबी पोर्टच नाही. घेताना मागची बाजू फिरवून बघा, पोर्ट दिसला तरच पैसे द्या. हे असं सगळं बदलायला घेण्याआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामनं सिस्टमचा एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मागं जाता येतं. इंटरनेटवरच्या एका क्लिकमध्ये सगळं करणाऱ्या स्क्रिप्टपासून लांब राहा, त्या कुठल्या फाइलींत हात घालतात ते नंतर शोधता शोधता जीव जातो.

पुढचा बेत एक्सएफसीईची थीम बदलायचा होता, तो बाजूला ठेवतोय. आधी हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधतो, म्हणजे बायकोच्या शाळेतल्या दोघा शिक्षकांच्या घरच्या मशीनवर लगेच बसवता येईल. प्लाझ्मा हा क्यूटीवरचा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी तेवढं करा: एलसी-सीटाइप बदला, डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये ‘शाल’ नावाचं फोल्डर तयार करा आणि स्क्रीनशॉट टाका. ते बघूनच स्क्रिप्टमध्ये क्यूटीचा भाग लिहितो.