रक्तपेढीची खिडकी आणि आईचा क्रॉसमॅच

त्या खिडकीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. सोलापुरातच एका दवाखान्यात आई ॲडमिट होती. हिमोग्लोबिन ४ च्या खाली, डोळे पिवळे, दोन पावलांत धाप. कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह आली: तिचंच शरीर तिच्या तांबड्या पेशी फोडत होतं. स्टेरॉइड लगेच सुरू झालं.

अडलं ते रक्तापाशी. खिडकीतून एकच उत्तर, "मॅच होत नाही, दुसरे डोनर आणा." होटगी रोडवरून मामा आले, अक्कलकोटहून चुलतभाऊ आले, मावशीची पोरं आली. पुन्हा तेच. का होत नाही, हे सांगायला कुणाला सवड नाही! कारण नंतर कळलं. या आजारातली अँटीबॉडी (पेशींवर हल्ला करणारं रक्तातलं प्रथिन) बहुतेक वेळा सगळ्यांच्याच पेशींवर असणाऱ्या घटकाला चिकटते. अख्खी नवी पेठ रांगेत उभी केली असती, तरी क्रॉसमॅच, म्हणजे आईच्या आणि डोनरच्या रक्ताची चाचणी, जुळला नसता.

त्या रात्री पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, आजीसाठी कृत्रिम रक्त मागवू या का?" गाईच्या हिमोग्लोबिनपासून केलेलं द्रावण, रक्तगट बघायला नको, फ्रिज नको, दक्षिण आफ्रिकेत २००१ साली परवानगी मिळालेली. सकाळी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, हे मला आवडलं. आपल्याकडे त्याला परवानगी नाही. अमेरिकेतही ज्याला रक्त देताच येत नाही, अशाच रुग्णासाठी खास मंजुरी काढतात. रक्तवाहिन्या आकसून बीपी चढतं, आणि २० तासांच्या आसपास निम्मं संपतं. औषध लागू पडेपर्यंत तग धरायला, एवढाच उपयोग. "तुमच्या आईला रक्त देता येतं," त्या म्हणाल्या आणि थेट रक्तपेढीच्या डॉक्टरांना फोन लावला. खिडकीच्या मागे डॉक्टर बसतात, हे तोवर कुणी बोललंच नव्हतं.

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी आईची बाळंतपणं किती, पूर्वी रक्त चढवलं होतं का, ते विचारलं. त्यातून तयार झालेल्या वेगळ्या अँटीबॉडी लपलेल्या असू शकतात. (हे कागदावर लिहूनच न्या.) त्यातल्या त्यात कमी विरोध दाखवणारी पिशवी निवडली, संमतीपत्रावर माझी सही, थेंब अगदी सावकाश, सिस्टर शेजारी उभ्या. काही झालं नाही. संध्याकाळी आईने चहा मागितला.

आणि हो, नमुना देताना जांभळ्या झाकणाच्या जास्तीच्या नळ्या भरून घ्या, आणि रक्त चढवण्याआधीच. स्टेरॉइडच्या गोळ्या आता कमी करत आणल्यात. मनाने बंद करायच्या नाहीत. साखर मात्र चढलीय.