मोटेला दोर किती?

शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे काढणं हे कृषी सहायकाच्या कामातच येतं. या खेपेला माण तालुक्यातली मंडळी घेऊन कोल्हापूरकडे गेलो होतो. बघायचं होतं उसातलं ठिबक. पण कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम महामार्गापासून जवळच, म्हणून तासाभरासाठी गाडी तिकडे वळवली.

तिथे माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांतून जुनं गाव उभं केलंय. नांगरणी, मळणी, बारा बलुतेदार, सगळं. पोरं सेल्फीत रमली. पंच्याहत्तरी ओलांडलेले तात्या मात्र मोटेपाशी, म्हणजे बैलांकरवी विहिरीचं पाणी उपसायच्या चामडी पिशवीपाशी थांबले.

"सायेब, मोटेला दोर किती लागत्यात?"

"एक," कुणीतरी मागून ठोकून दिलं.

"दोन! जाड त्यो नाडा, वरच्या चाकावरनं जातो. बारीक ती सोल, खालच्या कण्यावरनं, आडव्या रुळावरनं."

मग त्यांनी हातवारे करत सगळं उलगडलं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून उतरू लागले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात. सोलीला बांधलेली चामड्याची सोंड, म्हणजे मोटेची निमुळती नळी, दुमडून मोटेच्या तोंडापाशी उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. वर आल्यावर तोंड चाकाकडे चढतं, सोंड कण्यावरून थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात सरळ होते आणि पाणी आपोआप पाटाला लागतं. ओतायला दुसरा माणूस नको. सोल सैल राहिली तर मोट अर्ध्यातच गळायची.

"आन् मग बैलास्नी मागं सरकवत वर आणायचं. त्ये शिकवता शिकवता जीव जायचा."

मोबाइलवरून मोटर चालू करणारी पोरं फोन खिशात घालून ऐकत होती. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात भारी यंत्र हेच. ठिबकचे व्हॉल्व्ह नंतर.

तेवढ्यात आमच्यातलाच एक जण म्हणाला, "गावच्या मोटा माझा आजा शिवायचा. बलुतं मिळायचं, पण त्या विहिरीवर घागर भरू देत नव्हते." पुतळ्यांच्या गावात हे दिसत नाही. तिथे जो तो आपापल्या कामात, भांडण ना तंटा.

"खरं हाय," तात्या म्हणाले. "आमच्याच विहिरीवर हुतं तसं." मग जरा थांबून त्यांनीच विचारलं, "टाकं चामड्याच्या वादीचंच घालायचा न्हवं त्यो?"

"वादीचंच. आन् वर तेल पाजायचा."

दोघं तिथेच कट्ट्यावर बसले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी नाद सोडला. ठिबकच्या प्लॉटवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. उशिराचं कारण अहवालात लिहायचं होतं. लिहिलं, 'सिंचन पद्धतींची सविस्तर माहिती घेतली.'